राजदूतपदावर वर्णी : राजकीय नेमणुकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या उद्योगपतीची, पडलेल्या उमेदवाराची किंवा नेत्याच्या नातलगाची परदेशात राजदूत म्हणून नेमणूक झाली की दोन दिवस चर्चा होते आणि मग विषय मागे पडतो. हे कसे घडते, कायदा काय म्हणतो, नुकसान कोणाचे होते, याबद्दल वाचक वेळोवेळी जे विचारतात त्याची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

राजकीय नेमणूक नेमकी कशाला म्हणायचे?

राजदूतपदापर्यंत दोन वाटा जातात. पहिली वाट परराष्ट्र सेवेची. परीक्षा देऊन आत यायचे, परक्या देशाची भाषा शिकायची, व्हिसाच्या खिडकीपासून व्यापारी वाटाघाटींपर्यंत सगळी कामे करायची आणि वीस-पंचवीस वर्षांनी दूतावासाचे प्रमुख व्हायचे. दुसऱ्या वाटेने येणाऱ्या व्यक्तीला सरकारप्रमुख थेट सेवेबाहेरून निवडतो. ती प्राध्यापक असेल, माजी मंत्री असेल, निवृत्त सेनापती असेल किंवा पक्षाला मोठी देणगी देणारा व्यापारी असेल.

दुसऱ्या वाटेने आलेला प्रत्येक जण वशिल्याचा नसतो. पद देण्याचे खरे कारण जुन्या उपकाराची परतफेड हे असेल, तर तो वशिला. निवडीचे कारण काय, हा माझ्या मते मुख्य प्रश्न आहे. माणूस सेवेतला आहे की बाहेरचा, हा दुय्यम.

यजमान देशाला यात काही बोलता येते का?

हो. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातील कलम ४ नुसार राजदूत पाठवण्याआधी यजमान देशाची संमती घ्यावी लागते, आणि नकार दिल्यास त्याचे कारण सांगण्याचे बंधन त्या देशावर नसते. ही विचारणा गुपचूप होते. नकाराचे शब्द सहसा उच्चारले जात नाहीत, उत्तरच येत नाही. इस्रायलने २०१५ मध्ये वेस्ट बँकेत ज्यू वसाहती वसवणाऱ्या चळवळीचे नेते दानी दायान यांचे नाव ब्राझीलसाठी जाहीर केले तेव्हा असेच झाले. ब्राझील गप्प राहिला आणि २०१६ मध्ये दायान यांना न्यू यॉर्कला महावाणिज्यदूत म्हणून पाठवावे लागले.

मात्र ही संमती माणूस चालेल की नाही एवढेच बघते. त्याला काम येते का, हे तपासणे यजमानाचे काम नाही. शिवाय बलाढ्य देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या मित्राला नको म्हणण्याची हिंमत छोट्या देशाला क्वचितच होते.

या विषयात अमेरिकेचेच नाव सतत का निघते?

कारण श्रीमंत लोकशाही देशांपैकी इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या उघडपणे ही प्रथा दुसरीकडे कुठे चालत नाही. गेली अनेक दशके तिथले साधारण तीस टक्के राजदूत सेवेबाहेरचे असतात. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले होते.

मुळे जुनी आहेत. राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने राजदूत नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला आणि त्याला सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीची जोड दिली. अँड्र्यू जॅक्सन १८२९ मध्ये सत्तेवर आले, तेव्हापासून विजयी पक्षाने सरकारी पदे आपल्या माणसांत वाटून घ्यायची, ही रीतच पडली. तिचा सगळ्यात भयंकर परिणाम १८८१ मध्ये दिसला. निवडणुकीत आपण पक्षाचे काम केले, म्हणून आपल्याला पॅरिसचे वाणिज्यदूतपद मिळालेच पाहिजे, असा हट्ट धरून बसलेल्या चार्ल्स गिटो याने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये गेले. त्या धक्क्यातून १८८३ चा पेंडल्टन कायदा आला आणि सरकारी नोकरभरतीत परीक्षा आणि गुणवत्ता आली. पण राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या संमतीने भरायच्या जागा त्या कायद्याबाहेरच राहिल्या. म्हणजे ज्या पदांच्या हावेतून खून झाला, त्याच प्रकारची वरची पदे सुधारणेतून सुटली. १९२४ च्या रॉजर्स कायद्याने व्यावसायिक परराष्ट्र सेवा उभी केली. राजदूतपदाचे दार मात्र बाहेरच्यांसाठी उघडेच राहिले.

देणगीदाराला राजदूत करणे तिथे कायदेशीर आहे का?

देणगी दिलेल्या माणसाला नेमणे कायदेशीर आहे. देणगीच्या बदल्यात पदाचे आश्वासन देणे हा गुन्हा आहे. सगळा खेळ या दोहोंच्या मधल्या जागेत चालतो.

१९८० च्या फॉरेन सर्व्हिस कायद्यात यावर स्पष्ट कलम आहे. दूतावासाच्या प्रमुखाकडे कामाची सिद्ध झालेली पात्रता असावी, शक्य तितके त्या देशाच्या भाषेचे, इतिहासाचे आणि संस्थांचे ज्ञान असावे, ही पदे सर्वसाधारणपणे सेवेतल्या लोकांना द्यावीत, आणि निवडणूक निधीला दिलेली देणगी हा नेमणुकीचा निकष असू नये, असे ते कलम सांगते. उमेदवाराने स्वतःच्या आणि जवळच्या कुटुंबीयांच्या मागच्या चार वर्षांतल्या राजकीय देणग्या सिनेटला कळवायच्या असतात. हे सगळे चांगले आहे. पण निकषांचा भाग सल्ल्याच्या स्वरूपाचा आहे. तो मोडला म्हणून नेमणूक रद्द होत नाही आणि शिक्षाही होत नाही. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी तो सातत्याने बाजूला ठेवला आहे. यात एका पक्षाला दोष देऊन दुसऱ्याला सोडणे प्रामाणिक ठरणार नाही.

पैसे घेऊन पद दिल्याचे कधी सिद्ध झाले आहे का?

झाले आहे, निक्सन यांच्या काळात. त्यांचे खाजगी वकील हर्बर्ट कामबाख यांनी १९७४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्रिनिदाद आणि टोबॅगो इथे राजदूत असलेल्या फाइफ सिमिंग्टन यांना एक लाख डॉलर्सच्या देणगीच्या बदल्यात युरोपातले मोठे पद देण्याचे आश्वासन त्यांनी दिले होते. सिमिंग्टन यांना ते पद मिळाले नाही. कामबाख तुरुंगात गेले. खुद्द निक्सन यांचे बोलणे १९७१ च्या ध्वनिफितीत सापडते: ज्याला राजदूत व्हायचे आहे त्याने किमान अडीच लाख डॉलर्स द्यायला हवेत, असे ते आपल्या सहकाऱ्याला सांगतात. त्याच सुमारास तीन लाख डॉलर्स देणाऱ्या रूथ फार्कस लक्झेंबर्गला राजदूत झाल्या.

त्यानंतर असा खटला उभा राहिलेला दिसत नाही, यावरून व्यवहार थांबले असे समजू नये. कोणी आता आकडा बोलून दाखवत नाही, कारण बोलण्याची गरजच उरलेली नाही. देणाऱ्याला काय हवे आहे ते घेणाऱ्याला ठाऊक असते. पुरावा नसलेला असा समजूतदारपणा न्यायालयात सिद्ध करणे जवळजवळ अशक्य.

मग किती देणगी दिली की पद मिळते?

दरपत्रक नाही. काही जण स्वतःच्या खिशातून देतात. गॉर्डन सोंडलंड या हॉटेल व्यावसायिकाने ट्रम्प यांच्या शपथविधी समितीला दहा लाख डॉलर्स दिले होते. २०१८ मध्ये ते युरोपीय महासंघात राजदूत झाले. काही जण ओळखीपाळखीच्या शेकडो लोकांकडून निधी गोळा करून देतात, आणि पक्षाच्या दृष्टीने त्यांची किंमत अधिक असते.

हे लोक कोणत्या देशांत जातात?

लंडन, पॅरिस, रोम, ब्रसेल्स, पश्चिम युरोपातली छोटी टुमदार राजधानीची शहरे, कॅरिबियन बेटे. युद्धाने, रोगराईने किंवा दारिद्र्याने ग्रासलेल्या देशांत सेवेतले अधिकारी जातात.

याचे एक समर्थन नेहमी दिले जाते. मोठ्या राजधान्यांत मेजवान्या, स्वागत समारंभ, पाहुण्यांची ऊठबस यांवर होणारा खर्च सरकारी भत्त्यात भागत नाही. श्रीमंत राजदूत तो स्वतः करतो आणि करदात्याचा पैसा वाचतो. मला हे समर्थन अजिबात पटत नाही. दूतावासाच्या खर्चाची तरतूद संसदेने करायची असते. ती मुद्दाम तोकडी ठेवायची आणि मग श्रीमंतच हवा म्हणायचे, याचा अर्थ आयुष्यभर सेवा केलेल्या मध्यमवर्गीय अधिकाऱ्याला त्या पदाची दारे बंद करणे असा होतो.

सिनेटची सुनावणी गाळणीचे काम करत नाही का?

थोडेफार करते. माणूस किती कोरा आहे ते जगाला दिसते. पण तो थांबतोच असे नाही.

१९५७ मध्ये आयझेनहॉवर यांनी कपड्यांच्या दुकानांच्या साखळीचे मालक मॅक्सवेल ग्लक यांना सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) पाठवायचे ठरवले. सिनेटर फुलब्राइट यांनी सिलोनच्या पंतप्रधानांचे नाव विचारले, ते ग्लक यांना सांगता आले नाही. पंतप्रधान होते बंदरनायके, आणि आशियाच्या राजकारणात त्या वेळी हे नाव गाजत होते. देणगी दिल्याचे ग्लक यांनी मान्य केले. तरी त्यांची नेमणूक मंजूर झाली आणि ते कोलंबोला गेले. जो देश नुकताच स्वतंत्र होऊन ताठ मानेने उभा राहू पाहत होता, त्याच्याकडे असा दूत पाठवणे हा त्या देशाचा अपमान होता. त्याची भरपाई पुढे कोलंबोतल्या दूतावासाच्या कर्मचाऱ्यांनाच करावी लागली असणार.

२०१३ मध्ये ओबामांनी नॉर्वेसाठी जॉर्ज त्सूनिस यांचे नाव दिले. जानेवारी २०१४ च्या सुनावणीत त्यांनी नॉर्वेच्या राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख केला. नॉर्वेत राजा आहे. सत्ताधारी आघाडीत बसलेल्या पक्षाला त्यांनी कडेचा, टोकाचा गट ठरवले. नॉर्वेत आणि तिथून गेलेल्यांची मोठी वस्ती असलेल्या मिनेसोटात संताप उसळला, आणि वर्षअखेर त्यांचे नाव मागे पडले. पुढे बायडन यांनी २०२२ मध्ये त्यांना ग्रीसला पाठवले. त्याच २०१४ मध्ये हंगेरीसाठी निवडलेल्या दूरचित्रवाणी मालिकांच्या निर्मात्या कॉलीन बेल यांना अमेरिकेचे हंगेरीतले हितसंबंध कोणते, याचे नीट उत्तर देता आले नाही. तरी त्या ५२ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाल्या.

नॉर्वेच्या बाबतीत फरक पडला तो मतदारांमुळे. ज्या देशाची बाजू घेणारा मतदार अमेरिकेत नाही, त्याच्या वाट्याला तसे भाग्य येत नाही.

प्रत्यक्ष कामात काय बिघडते? दूतावास तर अधिकारीच चालवतात ना?

बरेचसे काम अधिकारी चालवतात, हे खरे. राजकीय नेमणूक झालेल्या राजदूताच्या हाताखाली सेवेतला कसलेला उपप्रमुख देतात, आणि रवाना होण्याआधी त्या राजदूताला काही आठवड्यांचे प्रशिक्षणही मिळते. शांत दिवसांत एवढ्यावर निभते.

पण राजदूत वाईट असेल तर उपप्रमुखाची सगळी शक्ती त्याला सांभाळण्यात जाते. लक्झेंबर्गमधल्या अमेरिकी राजदूत सिंथिया स्ट्रम यांनी २०११ च्या सुरुवातीला राजीनामा दिला, आणि पाठोपाठ परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल बाहेर आला. दूतावासातले वातावरण इतके बिघडले होते की काही कर्मचाऱ्यांनी तिथून सुटण्यासाठी काबूल आणि बगदादला बदली मागितली. युरोपातली सर्वांत सुरक्षित राजधानी सोडून लोक युद्धभूमीवर जायला तयार होतात, तेव्हा त्यांनी काय सोसले असेल याची कल्पना करावी.

दुसरा धोका अधिक खोल आहे. ज्याचे पद एका व्यक्तीच्या मर्जीवर टिकून आहे, तो देशाचा दूत न राहता त्या व्यक्तीचा दूत होऊ लागतो. वर उल्लेखलेले सोंडलंड ब्रसेल्सला नेमलेले असूनही युक्रेनच्या प्रकरणात ओढले गेले. ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी बायडन यांच्याशी संबंधित चौकशी जाहीर करण्यासाठी युक्रेनवर कसा दबाव आणला गेला, याची साक्ष त्यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीत दिली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना पदावरून काढले. ज्या दिवशी त्यांनी खरे सांगितले, त्या दिवसापासून त्यांचे दिवस भरले होते.

तिसरे नुकसान सेवेचे. सर्वोच्च पद दुसऱ्याला जाणार हे तरुण अधिकाऱ्याला दिसत असेल, तर एखादी अवघड भाषा शिकण्यात त्याने वर्षे का घालवावीत? चौथे नुकसान रिकाम्या खुर्चीचे. वादग्रस्त नाव अडकून पडते. लॉस एंजेलिसचे माजी महापौर एरिक गारसेटी यांच्या नावाला मंजुरी मिळायला मार्च २०२३ उजाडला, आणि तोवर दिल्लीतले अमेरिकी राजदूतपद दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे होते.

पण सेवेबाहेरून आलेले काही राजदूत उत्तम निघाले, त्यांचे काय?

निघाले, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ १९६१ ते १९६३ दिल्लीत होते. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचामुळे वॉशिंग्टनला दुसरे काही सुचत नव्हते. अशा वेळी केनेडींशी थेट संपर्क असलेला माणूस इथे असणे भारताच्याही उपयोगाचे ठरले. माइक मॅन्सफिल्ड सिनेटमध्ये सोळा वर्षे बहुमताचे नेते होते. १९७७ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ ते टोकियोत राहिले, कार्टर आणि रेगन या दोन विरोधी पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांनाच ठेवले. बालनटी म्हणून जगाला माहीत असलेल्या शर्ली टेंपल ब्लॅक यांनी आधी घानात काम केले आणि १९८९ मध्ये, साम्यवादी राजवट कोसळत असताना, प्राग सांभाळले.

या तिघांकडे त्या पदाला लागणारे काहीतरी आधीपासून होते: विषयाचे ज्ञान, राष्ट्राध्यक्षाच्या दारात थेट प्रवेश, किंवा वर्षानुवर्षांचा सार्वजनिक कामाचा अनुभव. म्हणून मी सेवेबाहेरच्यांवर सरसकट बंदी घालण्याच्या बाजूचा नाही. गालब्रेथ यांचे नाव पुढे करून एखाद्या निधी गोळा करणाऱ्याची नेमणूक खपवली जाते, त्याला माझा विरोध आहे.

भारतात असे होते का?

होते, प्रमाण कमी आहे. भारतीय परराष्ट्र सेवा ऑक्टोबर १९४६ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीला अनुभवी अधिकारीच मोजके असल्यामुळे बाहेरची माणसे घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. आसफ अली वॉशिंग्टनला गेले, डॉ. राधाकृष्णन मॉस्कोला, कृष्ण मेनन लंडनला. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत आयुक्त म्हणून गेले, आफ्रिकी स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे अनेक देशांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला १९५८ मध्ये वॉशिंग्टनला गेले. जनता सरकारने १९७७ मध्ये नानी पालखीवाला यांना तिथेच पाठवले. या नावांकडे पाहिले की अभिमान वाटतो.

विजयालक्ष्मी पंडित यांचे उदाहरण अधिक अवघड आहे. मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन अशी तिन्ही महत्त्वाची पदे त्यांनी भूषवली. १९५३ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांची योग्यता निर्विवाद होती. पण त्या पंतप्रधानांच्या भगिनी होत्या आणि परराष्ट्र खाते पंतप्रधानांकडेच होते. ही निवड कोणत्याही बाहेरच्या व्यासपीठावर तपासली गेली नाही. योग्य व्यक्ती निवडली गेली म्हणून निवडीची पद्धत योग्य ठरत नाही. तीच पद्धत उद्या अयोग्य व्यक्तीलाही तितक्याच सहज आत घेते.

आपल्याकडे आजही तसेच आहे. नेमणूक सरकार ठरवते, राष्ट्रपतींच्या नावाने अधिकारपत्रे निघतात आणि परराष्ट्र मंत्रालयाचे दोन ओळींचे निवेदन येते. संसदेत सुनावणी नाही, मतदान नाही. अमेरिकेतल्या उमेदवारांची फजिती आपण चवीने पाहतो, पण तसा प्रश्न आपल्या उमेदवाराला विचारण्याची सोयच आपल्याकडे नाही. निवडणूक हरलेल्या नेत्याचे पुनर्वसन किंवा निवृत्त बड्या अधिकाऱ्याची सोय म्हणून राजदूतपद दिले गेले, तर ते कळण्याचा मार्ग फक्त कुजबुज. निवृत्तीनंतर असे पद मिळू शकते हे ठाऊक असलेला अधिकारी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सरकारला नाही म्हणेल का, हीसुद्धा काळजीची गोष्ट आहे.

ब्रिटन आणि इतर देशांत?

ब्रिटनमध्ये सेवेतलीच माणसे जातात, अपवाद थोडे आणि गाजलेले. १९७७ मध्ये पंतप्रधान कॅलहन यांचे जावई, पत्रकार पीटर जे वॉशिंग्टनला राजदूत झाले तेव्हा मोठा गदारोळ उठला. त्याच पदावर २०२५ मध्ये गेलेले माजी मंत्री पीटर मँडेलसन यांना लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टाईनशी असलेल्या संबंधांमुळे त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये काढावे लागले. ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी २०१९ मध्ये आपला मुलगा एदुआर्दो याला वॉशिंग्टनला पाठवायचा बेत केला. अमेरिकेने संमतीही दिली होती. पण ब्राझीलमध्ये सिनेटची मंजुरी लागते. विरोध वाढला, आणि ऑक्टोबरमध्ये बेत सोडून द्यावा लागला.

नको असलेल्या माणसाला दूर पाठवण्यासाठीही हे पद वापरतात, हे खरे का?

खरे आहे. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याविरुद्धचा डाव फसल्यावर, १९५७ मध्ये, एकेकाळचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांची रवानगी मंगोलियाला झाली. युक्रेनचे लोकप्रिय सरसेनापती झालुझ्नी यांना २०२४ मध्ये सेनापतीपदावरून दूर करून लंडनला राजदूत म्हणून पाठवले, तेव्हाही अनेकांनी त्यात संभाव्य राजकीय प्रतिस्पर्धी दूर ठेवण्याचा हेतू पाहिला. यात नेहमी वाईटच होते असे नाही. सोव्हिएत पक्षाची नाराजी ओढवून घेतलेले अलेक्सांद्र याकोव्हलेव्ह १९७३ पासून दहा वर्षे कॅनडात राजदूत होते. तिथे १९८३ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याशी त्यांच्या मोकळ्या चर्चा झाल्या आणि पुढे ते पेरेस्त्रोइकाचे, म्हणजे गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांचे, एक प्रमुख शिल्पकार ठरले.

सत्ताबदल झाला की या राजदूतांचे काय होते?

अमेरिकेत २० जानेवारीला नवा राष्ट्राध्यक्ष येण्याआधी ते राजीनामा देतात. मुलांची शाळा वगैरे कारणांसाठी काहींना थोडी मुदत मिळे. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ती सरसकट नाकारली.

नेमणुकीची बातमी वाचताना काय तपासावे?

त्या व्यक्तीने त्या देशाबद्दल, त्या प्रदेशाबद्दल किंवा तिथल्या मुख्य प्रश्नाबद्दल आधी कधी काम केले आहे का? भाषा येते का? पक्षाशी, नेत्याशी पैशाचा किंवा नात्याचा संबंध आहे का? व्यवसायाचे हितसंबंध त्या देशात गुंतले आहेत का? आणि हे नाव पुढे आले ते निवडणुकीनंतर किती दिवसांनी?

सुधारणा कोणती व्हावी?

दोन गोष्टी तातडीने शक्य आहेत. पहिली, सेवेबाहेरच्या प्रत्येक नेमणुकीसोबत लेखी कारण जाहीर करणे. अमेरिकेत उमेदवाराच्या पात्रतेचे निवेदन सिनेटला दिले जाते. तिथल्या परराष्ट्र सेवा अधिकाऱ्यांच्या संघटनेने माहितीच्या कायद्याखाली पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये ही निवेदने लोकांसमोर आली आणि काहींमध्ये किती पोकळ वाक्ये होती ते सर्वांना दिसले. दुसरी, भारतासारख्या देशात संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीपुढे अशा उमेदवाराची खुली मुलाखत घेणे. समितीला नकाराधिकार नसला तरी चालेल. प्रश्न विचारले जातील आणि उत्तरांची नोंद राहील.

एक नागरिक म्हणून मला काही करता येईल का?

येईल. खासदारामार्फत लोकसभेत किंवा राज्यसभेत लेखी प्रश्न विचारता येतो: सध्या किती दूतावासांचे प्रमुख सेवेबाहेरचे आहेत, आणि प्रत्येकाची निवड कोणत्या निकषावर झाली. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे थेट अर्जही करता येतो. परदेशांशी असलेल्या संबंधांचे कारण देऊन काही माहिती नाकारली जाऊ शकते, म्हणून अर्जात वाटाघाटी किंवा पत्रव्यवहार मागू नये. नेमणुकीचा आदेश, पदाचा कालावधी आणि निवडीच्या निकषांची कागदपत्रे एवढेच मागावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच मंत्रालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.